खासगी फोटो-व्हिडिओ संमतीशिवाय पसरवले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे, भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. उत्तरं भारतातल्या कायद्यानुसार आहेत. ज्यांचा फोटो किंवा व्हिडिओ आत्ता, या क्षणी फिरतो आहे त्यांनी थेट प्रश्न ३ वर जावं. बाकीचं नंतर सावकाश वाचता येईल.

१. दुसऱ्याचा खासगी फोटो पसरवणं हा नेमका कोणत्या कायद्याखाली गुन्हा आहे?

आपल्याकडे यासाठी एकच वेगळा कायदा नाही. दोन कायद्यांतली कलमं एकत्र लावावी लागतात, आणि इथेच बऱ्याच तक्रारी ढिल्या पडतात.

पहिला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्यातलं कलम ६६ई कोणाच्याही गुप्तांगाचं चित्र संमतीशिवाय काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं यासाठी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंतर्वस्त्रांतला फोटोही यात येतो. कलम ६७ अश्लील मजकुरासाठी आहे. कलम ६७ए लैंगिक कृती उघड दाखवणाऱ्या मजकुरासाठी आहे, आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरा कायदा भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय दंड संहितेच्या जागी आली. तिचं कलम ७७ (जुनं ३५४सी) स्त्रीला खासगी क्षणी चोरून पाहणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं याबद्दल आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं, पुन्हा झाला तर तीन ते सात वर्षं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर जुन्या दंड संहितेचीच कलमं लागतात.

एफआयआर हातात आली की कोणती कलमं लावली आहेत ते आधी वाचा. व्हिडिओत लैंगिक कृती असूनही फक्त ६६ई लावलं असेल तर ६७ए लावण्याची मागणी लेखी करा. ६६ई जामीनपात्र आहे, ६७ए अजामीनपात्र. आरोपी संध्याकाळी घरी येणार की नाही, हे पुष्कळदा यावर ठरतं.

२. फोटो मीच काढून त्याला पाठवला होता. मग तक्रार करायला मला तोंड आहे का?

आहे, पूर्ण आहे. आमच्याकडे सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याच शंकेपायी कितीतरी जणी महिनोन्‌महिने गप्प बसतात. कलम ७७ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात कायद्याने हे सरळ लिहून ठेवलं आहे: चित्रणाला संमती होती, पण ते तिसऱ्या माणसाला दाखवायला नव्हती, तर ते पसरवणं गुन्हाच आहे. ६६ई मध्येही काढणं, प्रसिद्ध करणं आणि पाठवणं या तीन वेगळ्या कृती आहेत.

पोलीस ठाण्यात कोणी विचारलं, "पाठवलाच कशाला?" तर त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. जबाबात एवढंच लिहायला सांगा: "फोटो मी फक्त याच व्यक्तीला विश्वासाने दिला होता. इतर कोणाला दाखवण्याची परवानगी मी कधीही दिली नव्हती." ही दोन वाक्यं जबाबात जशीच्या तशी असायला हवीत.

३. आत्ताच कळलं की माझा फोटो फिरतोय. पहिल्या तासाभरात काय करू?

आधी पुरावा, मग काढून टाकणं. घाबरून लोक उलट करतात: साइटला कळवून पोस्ट उडवतात, त्या माणसाला ब्लॉक करतात, सगळं चॅट पुसतात. नंतर पोलिसांना दाखवायला हातात काहीच उरत नाही.

पोस्टचा पूर्ण पत्ता, म्हणजे लिंक, कॉपी करून ठेवा. खात्याच्या प्रोफाइलचीही लिंक घ्या, कारण दिसणारं नाव मिनिटभरात बदलता येतं. दुसरा फोन जवळ असेल तर त्याने पडद्याचं चित्रण करा: प्रोफाइल उघडा, खाली सरकत पोस्टपर्यंत या, तारीख आणि वेळ दिसू द्या. फोटो कापून, धूसर करून किंवा बाण काढून ठेवू नका. मूळ प्रत जशीच्या तशी राहू द्या. व्हॉट्सअॅपवर आला असेल तर कोणत्या नंबरवरून, कोणत्या ग्रुपवर आणि किती वाजता, हे कागदावर लिहा. ज्याने तुम्हाला कळवलं त्याचाही पडदा टिपून घ्या. तो उद्याचा साक्षीदार आहे.

एवढं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. मग प्रश्न ५ कडे वळा. आणि हे सगळं एकटीने करू नका. एक विश्वासू माणूस शेजारी बसवा, लिंका त्याला लिहू द्या.

४. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट चालतो का?

तक्रार द्यायला पुरतो. खटल्यात मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (जुन्या कायद्यात ते ६५बी म्हणून ओळखलं जायचं). त्याचे दोन भाग असतात: एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचा हॅश क्रमांकही त्यात येतो. हा क्रमांक म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूण असते, आणि फाइल जराही बदलली तर खूणही बदलते. मूळ प्रतीला हात लावू नका असं वर सांगितलं ते यासाठीच. प्रमाणपत्राची तजवीज तपास अधिकारी आणि वकील करतात, तुम्ही फोन सांभाळा.

५. साइटवरून काढायला कोणाला सांगायचं? ते किती वेळात काढतात?

समाजमाध्यमांसाठीचे माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ साली आले. त्यांच्या नियम ३(२)(ब) प्रमाणे गुप्तांग, पूर्ण किंवा अर्धवट नग्नता, लैंगिक कृती, किंवा चेहरा जोडून केलेली बनावट चित्रं याबद्दल तक्रार आली की साइटला ती सामग्री ठरलेल्या वेळेत उतरवावी लागते. ही मुदत सुरुवातीला २४ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आणली. यासाठी कोर्टाचा हुकूम किंवा एफआयआर लागत नाही. तक्रार तुम्ही स्वतः करू शकता, किंवा तुमच्या वतीने दुसरं कोणीही.

पोस्टखालचं 'रिपोर्ट' बटण दाबाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक मोठ्या साइटला भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा ईमेल साइटवरच दिलेला असतो. त्याला लिंका द्या, "हे माझं चित्र आहे, माझी संमती नाही" असं लिहा आणि नियम ३(२)(ब) चा उल्लेख करा. कायद्याच्या दृष्टीने घड्याळ सुरू झाल्याची नोंद तुमच्या हातात राहते ती या ईमेलमुळे. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

६. एकीकडून काढला की दुसरीकडे पुन्हा वर येतो. हे कधी थांबणार?

याचं शंभर टक्के उत्तर कोणाकडेच नाही, हे आधी सांगायला हवं. पण प्रसार पुष्कळ आवळता येतो. वय १८ च्या वर असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत आंतरराष्ट्रीय सेवा आहे, १८ च्या खाली असेल तर 'टेक इट डाउन'. दोन्हींत तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त हॅश खूण बाहेर जाते आणि सहभागी कंपन्या ती खूण जुळणारी चित्रं अडवतात. फोटो बाहेर आलेला नाही, नुसती भीती आहे, अशा वेळीही हे आगाऊ करता येतं. मर्यादा दोन: सहभागी नसलेल्या साइटवर उपयोग नाही, आणि कूटबद्ध चॅटमधून होणारी देवाणघेवाण यातून अडत नाही.

शोधयंत्रांनाही वेगळं कळवा. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या निकालात शोधयंत्रांची जबाबदारी अधोरेखित केली. एकदा काढायला सांगितलेल्या सामग्रीसाठी पीडितेला पुन्हा पुन्हा दार ठोठवायला लावू नये, अशी त्या निकालाची भूमिका आहे.

७. पोलीस ठाण्यात जायचं की ऑनलाइन तक्रार करायची? आमच्या तालुक्यात सायबर ठाणं नाही.

कोणत्याही पोलीस ठाण्यात चालतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३ मध्ये ते आता लिहिलेलंच आहे. त्याच कलमानुसार माहिती ईमेलसारख्या मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. कलम ७७ ची तक्रार देणारी स्त्री असेल तर जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तिथे कळवता येतं. पण निनावी तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही. आरोपी माहीत असेल तर नाव देऊन तक्रार करा, असाच आमचा सल्ला राहील. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा: स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

८. पोलिसांनी फक्त एनसी घेतली आणि "समजावून सांगतो त्याला" म्हणाले. हे बरोबर आहे का?

नाही. ६६ई, ६७, ६७ए आणि ७७ हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे पोलिसांनी थेट एफआयआर नोंदवून तपास करायचे. अदखलपात्र म्हणून नोंद (एनसी) करणं चूक आहे. एका गोष्टीची मुभा पोलिसांना आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी. तसं असेल तर परवानगी घेतली का, चौकशी कधी सुरू झाली, हे लेखी विचारा.

टाळाटाळच असेल तर तक्रारीची प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. आयुक्तालय असेल तिथे पोलीस उपायुक्तांना. तरी हालचाल नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपा, त्या अर्जाला ती जोडावी लागते.

९. माझं नाव बाहेर येईल का? आणि माझा फोन काढून घेतील का?

पीडितेची ओळख उघड करण्यावर न्याय संहितेच्या कलम ७२ ची बंदी आहे, पण ती बलात्कार आणि त्या गटातल्या गुन्ह्यांपुरती. कलम ७७ तिच्या कक्षेत आपोआप येत नाही. कायद्यातली ही उणीव आम्हाला सलते. तोवर मार्ग असा: तक्रारीतच ओळख गुप्त ठेवण्याची विनंती लिहा, आणि कोर्टात नाव झाकण्याचा व बंद दाराआड सुनावणीचा अर्ज वकिलामार्फत पहिल्याच तारखेला द्या. उच्च न्यायालयांत अशा याचिका 'एक्स' या नावाने चालल्या आहेत. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर ओळख छापण्यावर पॉक्सो कायद्याची (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) बंदी आहेच.

तपासासाठी फोन मागितला जाऊ शकतो. देण्यापूर्वी बँकेची आणि कामाची माहिती दुसरीकडे घ्या, पण काहीही पुसू नका. जप्ती पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बरोबर आहे का ते पाहा. तपासणी झाली की मुद्देमाल परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो.

१०. त्याने अजून काही टाकलेलं नाही, पण "टाकीन" म्हणतो आणि पैसे मागतो. देऊन मोकळं व्हावं का?

देऊ नका. एकदा पैसे पोचले की मागणी वाढते. ओळखीतला असो वा व्हिडिओ कॉलवरून चित्रण करणारी अनोळखी टोळी असो, हे आम्ही सारखं पाहतो.

फोटो बाहेर येण्याची वाट पाहायची गरज नाही. धमकी हाच गुन्हा आहे. पैसे उकळल्यास न्याय संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पैशांऐवजी "भेटायला ये", "लग्न मोड" असली मागणी असेल तर कलम ३५१, आणि स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी असेल तर त्यातही सात वर्षांपर्यंत. धमकी तोंडी दिली असेल तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे वेळ महत्त्वाचा असतो, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं.

११. मी पुरुष आहे. माझ्यासाठी कायदा आहे की नाही?

आहे. कलम ७७ मधली पीडित व्यक्ती स्त्रीच आहे, ते तुम्हाला लागू होणार नाही. पण ६६ई, ६७, ६७ए, खंडणी आणि धमकीची कलमं कोणालाही लागू होतात. साइटवरून काढण्याचा नियमही (प्रश्न ५). हसतील म्हणून पुरुष ठाण्याची पायरी चढत नाहीत आणि उकळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. कृपा करून जा.

१२. नवऱ्यानेच टाकलं असेल तर?

लग्नामुळे कुठलीही सूट मिळत नाही. पत्नीसोबतचा खासगी व्हिडिओ पसरवणाऱ्या पतीविरुद्धचा खटला रद्द करायला अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नकार दिला. फौजदारी तक्रारीशिवाय कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण आदेशही मागता येतो. घटस्फोटाचा दावा चालू असताना "कोर्टात दाखवीन" अशी धमकी आली तर ती प्रश्न १० मध्ये मोडते.

१३. चेहरा माझा, शरीर दुसऱ्याचं. फोटो खोटाच आहे, मग गुन्हा कसा?

काढून टाकण्यापुरतं उत्तर सोपं आहे, नियम ३(२)(ब) मध्ये बनावट चित्रांचा उल्लेखच आहे. शिक्षेच्या बाजूने जरा अवघड. ६६ई मध्ये व्यक्तीच्या गुप्तांगाचं चित्र लागतं, आणि "ते शरीर तिचं नव्हेच" असा बचाव घेतला जातो. म्हणून अशा तक्रारीत ६७ किंवा ६७ए, ओळखचोरीचं ६६सी, तोतयेगिरीचं ६६डी आणि बदनामीसाठी न्याय संहितेचं ३५६ ही कलमं आवर्जून मागा. ज्या साध्या फोटोवरून चेहरा उचलला तो मूळ फोटो शोधून जोडा. बनावट कसं केलं ते यातून लगेच दिसतं.

१४. फोटो साधा, साडीतला आहे, पण तो अश्लील साइटवर माझ्या नंबरसह टाकलाय.

६६ई इथे बसत नाही. तरी मार्ग बंद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अगदी अशाच प्रकरणात म्हटलं की फोटो स्वतः आक्षेपार्ह नसला तरी संमतीशिवाय अश्लील साइटवर टाकल्याने कलम ६७ लागू शकतं. नंबर दिल्यामुळे कलम ७९, म्हणजे स्त्रीच्या विनयाचा अपमान, हेही मागा. येणारे कॉल उचलू नका, पण कॉलची यादी पुसू नका.

१५. फोटोत चेहरा दिसतच नाही.

चेहऱ्याची अट कायद्यात नाही. तो तुमचाच आहे हे इतर गोष्टींनी सिद्ध होतं: मूळ फाइल तुमच्या फोनमध्ये, तीळ किंवा व्रण, मागची भिंत, त्याने चॅटमध्ये घेतलेलं नाव.

१६. मुलगी सोळा वर्षांची आहे आणि पाठवणाराही तिच्याच वर्गातला आहे. शाळेने मिटवावं का?

शाळेला ते मिटवता येत नाही. १८ खालच्या मुलाच्या बाबतीत संमतीचा मुद्दाच उरत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७बी (मुलांच्या लैंगिक चित्रणाबद्दलचं कलम) लागतं, आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. मुख्याध्यापकांवरही. असं साहित्य जवळ बाळगण्याबाबतही कायदा कडक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ठणकावलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काळजीपोटी पालक तो फोटो मामाला, वर्गशिक्षिकेला, वकिलाला फॉरवर्ड करतात. कोणालाही पाठवू नका. लिंक लिहून ठेवा, फोन पोलिसांना प्रत्यक्ष दाखवा. पाठवणारा मुलगाही अल्पवयीन असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथला भर सुधारणेवर असतो. मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल या भीतीने मुलीला गप्प बसवू नका. तातडीची मदत १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मिळते.

१७. मी फक्त फॉरवर्ड केलं, काढलं नव्हतं. आणि ग्रुपचा अॅडमिन असेन तर?

कायद्यातला शब्द "पाठवणं" हाही आहे, त्यामुळे फॉरवर्ड करणारा आरोपी होऊ शकतो. आलेलं पुढे ढकलू नका, पाठवणाऱ्याला थांबायला सांगा, आणि ज्या व्यक्तीचं चित्र आहे ती ओळखीची असेल तर तिला सावधपणे कळवा.

अॅडमिनबद्दल: दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन म्हणून गुन्हेगार ठरत नाही, सामायिक हेतू किंवा आखणी दिसावी लागते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. अॅडमिनला पोस्ट उडवता येते, सदस्याला काढता येतं. ते करा, पण आधी प्रश्न ३ प्रमाणे पुरावा घ्या.

१८. दोन्ही घरचे म्हणतात तडजोड करा, तक्रार मागे घ्या. घेता येते का?

वाटतं तितकी सहज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७ए प्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे आपसांत मिटवता येतात, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध असेल तर नाही. मग उरतो तो उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज, आणि तिथे न्यायालय स्वतः विचार करतं. दबावाखाली कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. दबाव येत असल्याचं तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

१९. गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे. आता उशीर झाला का?

कलमावर अवलंबून आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला (६६ई, पहिल्या वेळचं ७७) तीन वर्षांची मुदत आहे. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला, म्हणजे ६७ए ला, मुदतच नाही. प्रश्न १ मध्ये ६७ए चा एवढा आग्रह धरला त्याचं हे आणखी एक कारण. गुन्हा कधी घडला हे तुम्हाला माहीतच नसेल तर मुदत कळल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि न्यायहितासाठी न्यायालय उशीर माफही करू शकतं. आजही तो फोटो नव्याने टाकला जात असेल तर ते नवं प्रसारण म्हणून तक्रारीत वेगळं लिहा.

२०. तो आता परदेशात आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ भारतातल्या संगणकाचा संबंध असलेल्या, देशाबाहेरून केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं. एफआयआर इथेच होते. त्याला आणणं वेळखाऊ आहे, पण फोटो उतरवण्याचं काम (प्रश्न ५ आणि ६) त्याच्यावाचून अडत नाही.

२१. खरंच कोणाला शिक्षा होते का?

होते. पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये माजी प्रेयसीचे खासगी चित्रण पसरवणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची कैद सुनावली. पीडितेला बलात्कारपीडितेप्रमाणे भरपाई मिळावी, असंही त्या निकालात म्हटलं होतं. सगळ्या खटल्यांचा असा शेवट होत नाही. पुरावा पहिल्याच दिवशी नीट ठेवलेला असला, की तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला काम करायला जमीन मिळते.